पाण्याच्या कूलरशेजारचे साहेब

सरकारी माणसाला हाक कशी मारायची, याबद्दल आईचे नियम पक्के होते. माणूस ज्या खुर्चीत बसला असेल, तिच्या एक पायरी वरची हाक त्याला मारायची. शिपायाला शिपाई म्हणायचं नाही, मामा म्हणायचं. झाडू मारणाऱ्या बाईंना मावशी. कारकुनाला भाऊसाहेब. भाऊसाहेब ज्याच्याकडे कागद घेऊन जातो तो रावसाहेब. आणि दाराला पडदा लावून जो आत बसतो तो साहेब, नुसता साहेब, त्याच्या मागेपुढे काही लावायचं नाही. बाई असेल तर मॅडम, मग ती आपल्या नातीच्या वयाची का असेना. हे सगळं ती माहेरी शिकली होती. महाडच्या अलीकडे डोंगरात तिचं गाव. तलाठी पाहणीला आला की तिच्या वडिलांच्या ओटीवर टेकायचा आणि वडील पाण्याचा तांब्या देऊन हिला पुढे करायचे. एकदा ती त्याला "तलाठीकाका" म्हणाली, तर वडिलांनी आत नेऊन पाठीत धपाटा घातला. "भाऊसाहेब म्हण!" त्र्याऐंशीव्या वर्षीही तो धपाटा तिला आठवायचा आणि ती तो हसत हसत सांगायची.

मला मात्र त्यात हसण्यासारखं काही दिसायचं नाही. मी बत्तीस वर्षं वागळे इस्टेटमध्ये एका व्हॉल्व्ह बनवणाऱ्या कारखान्याच्या ऑफिसात काढली. टायपिस्ट म्हणून लागले आणि शेवटी शेवटी सरकारी पत्रव्यवहार सगळा माझ्याच हातात होता. "महोदय" कुठे लिहायचं, "मा." कोणाच्या नावाआधी लावायचं, "सविनय" कधी आणि "सस्नेह" कधी, हे मला झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता येईल. तपासणीला अधिकारी आला की आमचे मालक, जे एरवी कोणाच्या बापाला भीक घालत नसत, ते स्वतः जिन्यापर्यंत जायचे. "साहेब आले, साहेब आले" म्हणत चहा, बिस्किटं, पंखा. गाडी गेटाबाहेर पडली की तोच साहेब लगेच "तो" व्हायचा. "गेला का तो?" इतक्या वर्षांत मी एक गोष्ट शिकले. साहेब हा शब्द आदराचा नाही. समोरच्या माणसाबद्दल काही जाणून घ्यायचं नसलं की वापरायचा तो शब्द आहे. साहेब म्हटलं की नाव विचारावं लागत नाही, हुद्दा विचारावा लागत नाही, त्याला नक्की काय करता येतं आणि काय येत नाही हेही विचारावं लागत नाही. एवढं सगळं कळत असून मी जे केलं, ते आता सांगते.

आमच्या घरात आम्ही तिघं. आई, मी आणि माझा धाकटा भाऊ. आम्ही त्याला धाकटाच म्हणतो. माझ्याहून तेरा वर्षांनी लहान. तो जन्मापासून वेगळा. पूर्वी डॉक्टर कागदावर मतिमंद लिहायचे, आता बौद्धिक दिव्यांग लिहितात. शब्द सुधारला, बाकी धाकटा आहे तिथेच आहे. अठ्ठेचाळीस वर्षांचा बाप्या, दाढी मी करून देते, शर्टाची बटणं आई लावायची. बोलतो थोडं, हसतो पुष्कळ. त्याच्यामुळे मी लग्न केलं नाही असं नातेवाईक म्हणतात. ते खरं नाही. मला कोणी धड विचारलंच नाही, हे खरं आहे. पण त्यांच्या म्हणण्याने मला मोठेपणा मिळतो, म्हणून मी ते खोडून काढत नाही.

काही वर्षांपूर्वी त्याचं हर्नियाचं ऑपरेशन करायचं ठरलं. कल्याणच्या हॉस्पिटलात काउंटरवरची मुलगी म्हणाली, पेशंट सज्ञान आहे, पण त्याची सही चालणार नाही, मग पालक कोण? मी म्हटलं, मी बहीण. ती म्हणाली, "तसं नाही मॅडम, कागदावर पालक कोण? लीगल गार्डियनचं सर्टिफिकेट लागतं." शेवटी आई आहे म्हटल्यावर त्यांनी आईची सही घेऊन भागवलं. घरी येताना पत्री पुलाच्या अलीकडे रिक्षा अडकली तेव्हा आई म्हणाली, "माझी सही चालतेय तोवर तुझी चालू करून घेऊ. मग मी मोकळी."

मोकळी म्हणजे काय, ते आम्हा दोघींना कळलं. आई मेल्यावर मी त्याची कागदावर कोणीच नव्हते. उद्या त्याला पुन्हा हॉस्पिटलात न्यावं लागलं, किंवा मलाच काही झालं आणि त्याला मुरबाडकडच्या त्या संस्थेत ठेवायची वेळ आली, तर दारातच कागद मागणार. संस्थेत मी चौकशी करून आले होते. त्यांनी सांगितलं, पालकत्वाचा कागद असेल तर या, नसेल तर आमचा नाइलाज. आईला मरायची भीती नव्हती. कागद व्हायच्या आधी मरायची होती.

असे कागद देणारी एक समिती असते. तिचे अध्यक्ष म्हणजे मोठे साहेब, आणि ते ठाण्याला बसतात. कोणतं कार्यालय, कोणता मजला, हे मी सांगत नाही. ठाण्यात कार्यालयं कमी नाहीत, आणि माझं भांडण एका कोणाशी नाही. आम्ही तिघं डोंबिवलीहून बसने निघायचो. धाकट्याला स्टेशनची गर्दी सोसत नाही, कानांवर हात ठेवून खाली बसतो. म्हणून शिळफाट्यावरून बस. ट्रॅफिक नसेल तर दीड तास, आणि ट्रॅफिक नसतं असा दिवस मी पाहिलेला नाही. आई पिशवीत कागदांची निळी फाईल, पाण्याची बाटली आणि धाकट्याला बिस्किटांचा पुडा घेऊन खिडकीशी बसायची. इस्त्रीची साडी, केसांत एखादं फूल. साहेबांकडे जायचं म्हणजे नीट जायला हवं.

पहिल्या दिवशी आम्ही मामांना विचारलं, म्हणजे दारातल्या शिपायाला. त्यांनी आईचं "मामा" ऐकून स्टूल पुढे केलं, हे मान्य करायला हवं. म्हणाले, "ते टेबल आज रजेवर आहे." तिथे माणसांना टेबल म्हणतात. फाईल कोणत्या टेबलाला आहे, ते टेबल मीटिंगला गेलंय, त्या टेबलाचा चार्ज या टेबलाकडे आहे. आईला ते फार विचित्र वाटलं. "अगं, टेबलाला काय हाक मारायची?" असं तिने मला हळूच विचारलं. मी म्हटलं, टेबलाला कोणी हाक मारत नाही, म्हणूनच तर ते टेबल. मग मामांनी कॉरिडॉरच्या टोकाकडे बोट केलं. "त्या साहेबांना विचारा."

कॉरिडॉरच्या टोकाला पाण्याच्या कूलरशेजारी एक टेबल होतं. त्यामागे पन्नाशीचे एक गृहस्थ. बारीक चौकड्यांचा हाफ शर्ट, खिशाला दोन पेनं, चष्मा दोरीने गळ्यात. टेबलावर फॉर्मचे गठ्ठे, तारखेचा शिक्का, शाईचं पॅड. आईने दहा पावलांवरूनच हात जोडले. "नमस्कार साहेब." ते उठून उभे राहिले! सरकारी माणूस आईसाठी उठून उभा राहिला, हे तिने बिल्डिंगमध्ये निदान पंधरा जणींना सांगितलं असेल. त्यांनी आईला आपली खुर्ची दिली, फॉर्म काढून दिला, कुठे काय लिहायचं ते सांगितलं. धाकट्याने शिक्क्याकडे बोट केलं, तर त्यांनी एक रद्दी कागद पुढे सरकवून त्याला शिक्के मारू दिले. धाकट्याने सगळा कागद तारखांनी भरून टाकला. तो कागद अजून आमच्या कपाटाला चिकटवलेला आहे.

आठवड्याने आम्ही भरलेला फॉर्म, डॉक्टरांचे दाखले, फोटो, पालक व्हायला माझं संमतीपत्र असं सगळं घेऊन गेलो. साहेबांनी एकेक कागद पाहिला, आणि मान हलवली. "ठेवून जा. पुढे पाठवतो."

इथे मी चुकले. बत्तीस वर्षांत मी एकही पत्र आवक क्रमांकाशिवाय सरकारी दारात सोडलं नाही. आमचा डिस्पॅचवाला पोचपावतीवर शिक्का न घेता आला, तर मी त्याला उलट्या पावली परत धाडायचे. त्या दिवशीही शब्द माझ्या ओठांवर आला होता. मी "साहेब, पोच..." एवढं म्हणाले आणि आईने टेबलाखालून माझं मनगट दाबलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "एवढे चांगले साहेब. त्यांच्याकडे पावती मागायची? विश्वास नाही असं दिसतं." मी ऐकलं. खरं सांगायचं तर मलाही ते उठून उभे राहिल्याचं बरं वाटलं होतं. कोणी माझ्या आईसाठी उठून उभं राहिलेलं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

त्यानंतर दीड वर्ष आम्ही जात राहिलो. दर महिन्या-दीड महिन्याला. साहेब नेहमी असायचे. "प्रोसेसमध्ये आहे, आजी." "मोठ्या साहेबांची व्हीसी, म्हणजे व्हिडिओवरची मीटिंग, चालू आहे." "समितीची तारीख लागायचीय." कधी कधी नुसतं "होईल" म्हणायचे आणि शाईच्या पॅडचं झाकण उघडझाप करायचे. सगळे त्यांना साहेब म्हणत. मामाही म्हणत. गावाकडून आलेली माणसं तर पायांना हात लावायची, आणि तेव्हा ते खुर्ची मागे सरकवायचे. मला वाटायचं, काय साधा माणूस आहे. आई गोपाळकाल्याला त्यांच्यासाठी डबीतून काला घेऊन गेली. त्यांनी तो कूलरकडे तोंड करून खाल्ला.

एकदा मी बसमध्ये आईला विचारलं, "यांचं नाव काय गं?" आई म्हणाली, "साहेबांचं नाव कशाला हवंय तुला?" तिचं म्हणणं असं की नाव विचारणं म्हणजे तक्रार करायची तयारी. मी पुन्हा विचारलं नाही. त्या टेबलावर नावाची पाटी नव्हती, हेही माझ्या लक्षात आलं होतं, आणि मी ते सोडून दिलं. एखाद्या खाजगी कंपनीत असा माणूस भेटला असता तर मी दुसऱ्याच भेटीत विचारलं असतं, आपण कोण, आपल्या हातात काय आहे, नसेल तर ज्याच्या हातात आहे तो कुठे बसतो. इथे विचारायची हिंमत झाली नाही. हिंमत नाही म्हणण्यापेक्षा, विचारायचं असतं हेच मी विसरले.

गेल्या वर्षीच्या दिवाळीनंतर गेलो, तर टेबलामागे एक मुलगी बसलेली. लॅपटॉप, गळ्यात ओळखपत्र, कानात एक इअरफोन. मी विचारलं, "साहेब कुठे आहेत?"

"कोण साहेब?"

"इथे बसायचे ते. चष्मेवाले."

"अच्छा, ते." ती हसली नाही, पण हसण्याच्या बेतात होती. "ते साहेब नव्हते, मॅडम. एजन्सीचे होते, माझ्यासारखेच. मदत कक्षाचे. फॉर्म वाटायचे फक्त. कॉन्ट्रॅक्ट संपलं त्यांचं."

आई माझ्याकडे पाहत होती. तिला ऐकू कमी यायचं. मी त्या मुलीला म्हटलं, आमची फाईल त्यांच्याकडे दिली होती. ती म्हणाली, इथे काही जमा होत नाही, जमा करायचं ते आत. मी म्हटलं, एकदा बघ तरी. तिने टेबलाचा खालचा खण ओढला. तो अडकत होता, तिने पायाने जोर लावला. आत दहा-बारा फायली एकावर एक नीट रचलेल्या होत्या. आमची निळी फाईल वरून तिसरी. आईच्या अक्षरात धाकट्याचं नाव. वर टाचणीने एक चिठोरी लावलेली, त्यावर लिहिलं होतं: "आतले टेबल म्हणाले अर्जदाराने स्वतः आवक करावे. आजींना सांगणे."

तारीख नव्हती. ज्या माणसाच्या हाती दिवसभर तारखेचा शिक्का, त्याने चिठ्ठीवर तारीख घातली नव्हती. पण टाचणी गंजलेली होती. म्हणजे त्याने फाईल आत नेली होती, आतल्यांनी त्याला परत धाडला होता, आणि ते सांगायचं म्हणून त्याने लिहूनही ठेवलं होतं. मग आम्ही आलो असणार. आईने दहा पावलांवरून हात जोडले असणार, "नमस्कार साहेब" म्हटलं असणार. आणि त्याला सांगता आलं नाही की मी साहेब नाही. पुढच्या वेळी आणखी अवघड झालं असेल, त्याच्या पुढच्या वेळी आणखी.

मला त्याचा भयंकर संताप आला. मी तिथेच बाकावर बसून तक्रार लिहायला घेतली. विषय लिहिला, संदर्भ लिहिला, आणि "कोणाविरुद्ध" इथे येऊन थांबले. नाव माहीत नाही, हुद्दा माहीत नाही. आतल्या एका भाऊसाहेबांना विचारलं, तर ते म्हणाले, "मॅडम, एजन्सी दर वर्ष-दोन वर्षांनी बदलते. आम्हालाच नावं माहीत नाहीत. तुम्ही काय म्हणायचात त्यांना?" मी म्हटलं, साहेब. ते म्हणाले, "बघा आता." मी कागद फाडला. संताप त्याच्यावर होता, की आईवर, की माझ्यावर, हे मला आजही नीट सांगता येत नाही. पण सगळ्यात जास्त माझ्यावरच असावा. ते दोघं अडाणी होते असं म्हणता येईल. मला सगळं माहीत होतं.

आईला मी बसमध्ये सांगितलं. मुंब्र्याच्या बायपासवर ट्रकांमागे बस उभी होती. तिला वाटलं, मी चेष्टा करतेय. मग तिने पिशवीतून निळी फाईल काढली, चिठोरी वाचली, बोटाने एकेक अक्षर धरून. "म्हणजे दीड वर्षं कोणी बघितलीच नाही?" मी म्हटलं, नाही. ती म्हणाली, "आणि मी त्याला काला दिला." मला हसू आलं आणि लगेच रडूही आलं. धाकटा आमच्या दोघींकडे बघून टाळ्या वाजवायला लागला.

त्यानंतर सगळं नियमाप्रमाणे केलं. आवक शिक्का, क्रमांक, पोच, झेरॉक्सचे तीन संच. खऱ्या टेबलामागे एक तरुण बाई होती, पाटीवर कनिष्ठ सहायक. आईने तिला मॅडम म्हटलं, मी तिला नाव विचारलं, आणि तिने सांगितलं. आभाळ कोसळलं नाही. काम जाणणारी बाई होती. तिने सांगितलं, डॉक्टरांचा दाखला जुना झालाय, नवा आणा. आणला. तिने सांगितलं, अर्जदार आई आहे, तर समितीपुढे आईलाच हजर राहावं लागेल, आजींना जमेल ना? आई म्हणाली, "मॅडम, उद्या म्हणालात तर उद्या येते." समितीची तारीख लागली, आणि मोठ्या साहेबांची बदली झाली. नवे साहेब रुजू व्हायचे होते. तोवर दुसऱ्या साहेबांकडे अतिरिक्त कार्यभार होता आणि ते रोजच्या सह्यांपलीकडे हात लावत नव्हते. नवे आले, तर निवडणूक आली. आचारसंहिता. त्या बाई फोनवर दर वेळी खऱ्या ओशाळून सांगायच्या. आता मला सगळ्यांची नावं माहीत होती, हुद्दे माहीत होते, कोणाच्या हातात काय आहे हेही माहीत होतं, आणि त्याने काही फरक पडत नव्हता.

आई फार दिवस आजारी नव्हती. छातीत कफ झाला, चार दिवस दवाखान्यात होती. शुद्ध होती तोवर रोज विचारायची, "फोन आला का?" मी म्हणायचे, नाही. खोटं बोलावं असं एकदा मनात आलं. पण आईशी मी कधी खोटं बोलले नव्हते, आणि तिने लगेच कागद बघायला मागितला असता. शेवटच्या दिवशी तिने विचारलं नाही. धाकट्याचा हात धरून त्याच्या शर्टाचं बटण चाचपत होती. वरचं बटण उघडं होतं, ते तिला लावायचं होतं. बोटांत जोर नव्हता. मी लावायला पुढे झाले तर तिने माझा हात बाजूला केला.

तेराव्यानंतर तीन दिवसांनी फोन आला. त्याच बाई. आवाजात आनंद होता. "ताई, लागली तारीख! परवा अकरा वाजता. आजींना घेऊन या, आणि भावाला." मी सांगितलं. त्यांच्या मागे कोणीतरी "साहेब जागेवर आहेत का" विचारत होतं. मग त्या म्हणाल्या, "मग तो अर्ज निकाली निघेल, ताई. अर्जदारच नाहीत ना. आता तुम्ही अर्जदार म्हणून नव्याने करा. मृत्यूचा दाखला जोडा. मी लवकर घेते वर."

गेल्या महिन्यात मी नव्याने केला. धाकटा शेजारी बसून बिस्किट खात होता. आईचं काय झालं हे त्याला किती कळलंय, ते मला कळत नाही. सकाळी शर्ट घालून तो आईच्या खोलीच्या दारात उभा राहतो, छाती पुढे काढून. मी बटणं लावते तेव्हा मान फिरवतो. कागद सगळे बरोबर होते. बाईंनी एकेक तपासला, आवक शिक्का मारला, क्रमांक लिहून दिला. मग पेनाने एका रकान्यावर टकटक केलं. तो मी कोरा ठेवला होता.

"ताई, इथे तुमचं वय एकसष्ट आलंय. समिती हे विचारतेच. तुमच्या पश्चात कोण बघणार? घरातलं एखादं तरुण नाव असेल तर घाला. भाचा, पुतणी, कोणीही."

मी म्हटलं, कोणी नाही. त्या म्हणाल्या, "आठवून बघा ना." मी खरंच आठवलं. मामाकडचे, काकाकडचे, बिल्डिंगमधले, कारखान्यातल्या मैत्रिणी. लग्नाकार्यात भेटून धाकट्याच्या गालाला हात लावणारे सगळे. एकेकाला मनात उभं करून, त्याला हे विचारता येईल का असं बघितलं. मागे रांग वाढत होती. मी म्हटलं, मॅडम, रेघ मारा. त्यांनी रेघ मारली, आणि तिच्याखाली मी सही केली.

दोन वर्षं आई त्या कॉरिडॉरमध्ये हात जोडत फिरली, तेव्हा मला तिची कीव यायची. पण तिला नुसता कागद हवा होता. कागदावर लिहायला तिच्याकडे मी होते.